विसर्जनाच्या आदल्या दिवशीचे छेद: मेंदूतील प्रथिनाच्या नकाशाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

राज्यातील एका संशोधन संस्थेत मेंदूवर काम करणारी एक लहान प्रयोगशाळा आहे. प्रमुख प्राध्यापिका, तीन पीएच.डी.चे विद्यार्थी आणि मेंदूचे छेद कापण्यात आयुष्य घालवलेले एक तंत्रज्ञ, ज्यांना सगळे काका म्हणतात, एवढाच तिचा पसारा. प्रतिमांच्या संगणकीय विश्लेषणासाठी मला बाहेरून जोडून घेतले होते. माणसांची आणि संस्थेची ओळख पटेल असे तपशील येथे बदलले किंवा गाळले आहेत.

प्रयोगशाळेचा प्रश्न सरळ होता. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत उंदराच्या पिल्लांना रोज तीन तास आईपासून दूर ठेवले, तर ती मोठी झाल्यावर त्यांच्या मेंदूतील पार्व्हअल्ब्युमिन या प्रथिनाच्या वाटणीत काही फरक पडतो का? पार्व्हअल्ब्युमिन हे कॅल्शियमला बांधून ठेवणारे छोटे प्रथिन आहे. मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे बाह्यकात, आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये ते प्रामुख्याने अतिशय वेगाने संदेश सोडणाऱ्या, इतरांना आवर घालणाऱ्या चेतापेशींमध्ये सापडते. बाह्यकातील अशा आवर घालणाऱ्या पेशींपैकी सुमारे ४० टक्के पेशी याच प्रथिनावरून ओळखल्या जातात. मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसला कवचासारखे वेढणाऱ्या जाळीदार केंद्रकात तर बहुतेक पेशींमध्ये ते असते. या विषयावरची आधीची कामे बहुधा एकदोन भागांपुरती, विशेषतः कपाळामागच्या बाह्यकापुरती, मर्यादित होती. या प्रयोगशाळेला संपूर्ण अग्रमेंदूचा नकाशा हवा होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण सुरुवातीलाच एका विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला होता. सिअ‍ॅटलच्या अ‍ॅलन संस्थेने २००६ मध्येच उंदराच्या मेंदूतील सुमारे २०,००० जनुकांचा नकाशा पूर्ण केला, मग वेगळा नकाशा कशाला? तो नकाशा संदेशवाहक आरएनएचा, म्हणजे ज्यावरून प्रथिन तयार होते त्या जनुकाच्या नकलेचा आहे, प्रथिनाचा नाही. आरएनए मुख्यतः पेशीच्या देहात दिसतो. प्रथिन तेथे तयार होऊन लांबवर पसरलेल्या तंतूंमध्येही जाते, आणि त्याचे प्रमाण आरएनएच्या प्रमाणात असेलच असे नाही. शिवाय अनुभवानुसार पेशीतील पार्व्हअल्ब्युमिन कमीजास्त होते, हे २०१३ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसवर झालेल्या कामातून दिसले आहे. म्हणजे पेशी तीच, जागा तीच, प्रथिन मात्र आज कमी आणि उद्या जास्त. ही गोष्ट पुढे या प्रकरणाच्या मुळाशी आली.

कामाची रचना

एकूण १२ नर उंदीर होते: सहा आईजवळ वाढलेले आणि सहा आईपासून दूर ठेवलेले. प्रत्येक मेंदू गोठवून त्याचे ४० मायक्रोमीटर जाडीचे छेद कापले आणि ते क्रमाने चार कुप्यांमध्ये वाटले; पहिला पहिल्या कुपीत, दुसरा दुसऱ्या, पाचवा पुन्हा पहिल्या. अशा रीतीने प्रत्येक मेंदूच्या चार समांतर मालिका तयार झाल्या आणि एका मालिकेतील दोन शेजारच्या छेदांमध्ये १६० मायक्रोमीटरचे अंतर राहिले. पहिली मालिका प्रतिपिंडाने, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या रेणूने, रंगवली आणि उरलेल्या तीन गोठणरोधक द्रावणात उणे २० अंशांवर ठेवल्या. फ्रीझरमध्ये जागा नाही म्हणून त्या टाकून द्याव्यात अशी सूचना एकदा झाली होती. काकांनी ती ऐकली नाही.

एका मेंदूचे साधारण ५५ छेद, म्हणजे १२ मेंदूंचे सुमारे ६६०. ०.६५ मायक्रोमीटरचा एक बिंदू या हिशेबाने स्कॅन केल्यावर प्रत्येक छेदाची दोन रंगांतील प्रतिमा पाऊण जीबीच्या आसपास भरत होती आणि सगळा ऐवज जवळपास अर्ध्या टेराबाइटचा झाला. डोळ्यांनी मोजणे शक्य नव्हते. प्रत्येक छेद अ‍ॅलन संस्थेच्या त्रिमितीय अ‍ॅटलसशी जुळवायचा, छेदातील रंगलेल्या पेशी संगणकाकडून ओळखून घ्यायच्या आणि कोणत्या भागात किती पेशी पडल्या ते मोजायचे, असा रस्ता ठरला. हा अ‍ॅटलस १,६७५ उंदरांच्या मेंदूंच्या सरासरीतून, १० मायक्रोमीटरच्या बारकाव्याने तयार झाला आहे. पेशी ओळखण्यासाठी हायडेलबर्गमध्ये विकसित झालेली ‘इलास्टिक’ ही मुक्त प्रणाली वापरली. तिला प्रतिमेवर काही ठिकाणी ‘ही पेशी’, ‘ही पार्श्वभूमी’ असे रंगवून दाखवले की बाकीचे ती स्वतः ओळखते.

अ‍ॅटलसशी जुळवणी मात्र पहिल्या फेरीत अगदी साध्या पद्धतीने झाली. तिघांपैकी ज्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचे हे काम होते, ती छेद पडद्यावर घेई, अ‍ॅटलसच्या सरळ आडव्या चकत्यांपैकी सर्वांत जवळची चकती निवडी आणि छेद तिच्यावर ताणून बसवी. हा पहिला निर्णयबिंदू होता, आणि तो निर्णय आहे हे त्या वेळी कोणाच्याही लक्षात आले नाही.

समस्या

पहिला नकाशा तयार झाला तेव्हा त्यात दोन गोष्टी ठळक होत्या. आईपासून दूर ठेवलेल्या गटात कपाळामागच्या बाह्यकात पार्व्हअल्ब्युमिन असलेल्या पेशी कमी होत्या, जे आधीच्या कामांशी जुळत होते. थॅलॅमसच्या जाळीदार केंद्रकातही त्या कमी होत्या, जे कोणाला अपेक्षित नव्हते. हे केंद्रक इंद्रियांकडून बाह्यकाकडे जाणाऱ्या माहितीवर पहारा ठेवते, त्यामुळे तेथे घट सापडणे ही मोठी बातमी ठरली असती. प्राध्यापिकांनी त्यावर एका परिषदेसाठी सारांशही पाठवला.

माझ्याकडे असलेला नकाशा दोन्ही बाजूंची सरासरी काढून रंगवलेला होता. एके दिवशी विद्यार्थिनीने सहज म्हणून डावी आणि उजवी बाजू वेगळी काढली आणि पडदा माझ्याकडे वळवून म्हणाली, “सर, हे घट फक्त डावीकडे का दाखवतंय?”

उजवीकडे जवळजवळ काहीच नव्हते. आईपासून दूर राहिल्याने मेंदूच्या एकाच बाजूच्या केंद्रकाचे प्रथिन कमी व्हावे, याला जीवशास्त्रात काही आधार शोधता आला असता. माणूस शोधायला बसला की आधार सापडतो. पण आम्ही आधी छेद पाहिले. एका छेदात उजवीकडे हिप्पोकॅम्पसची कमान पूर्ण उघडलेली होती आणि डावीकडे ती नुकती सुरू होत होती. मेंदू तिरका कापला गेला होता.

तिरकेपणाचा हिशेब

मेंदूचा ठोकळा चार अंशांनी फिरला तर काय होते, हे कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. विद्यार्थिनी चकती निवडताना नकळत उजव्या अर्ध्याकडे पाहत होती. जाळीदार केंद्रक मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना साधारण दोन मिलिमीटरवर असते असे धरले, तर उजव्या केंद्रकापासून डावे चार मिलिमीटरवर येते. चार अंशांच्या तिरकेपणाने या अंतरात ०.२८ मिलिमीटरची पुढेमागे तफावत पडते, म्हणजे आमच्या मालिकेतील पावणेदोन छेदांइतकी. बाह्यकासारख्या मोठ्या भागाला एवढ्याने फारसे बिघडत नाही. जाळीदार केंद्रक मात्र काही दशांश मिलिमीटर जाडीचे वाकडे कवच आहे. अ‍ॅटलसची बाह्यरेषा थोडी सरकली की ती एका बाजूला थॅलॅमसच्या आतल्या भागावर आणि दुसऱ्या बाजूला शुभ्र तंतूंच्या पट्ट्यावर पडते, आणि या दोन्ही ठिकाणी पार्व्हअल्ब्युमिनच्या पेशी जवळपास नसतात. कवचातल्या पेशी शेजाऱ्याच्या खात्यात जमा होतात आणि कवच रिकामे दिसते.

हे दोन्ही गटांत सारखेच व्हायला हवे होते, मग फरक गटांमध्ये का दिसला? काकांच्या नोंदवहीत त्याचे उत्तर होते. आईपासून दूर ठेवलेल्या गटाचे मेंदू ज्या आठवड्यांत कापले, त्या काळात मायक्रोटोमवर, म्हणजे छेद कापण्याच्या यंत्रावर, ठोकळा धरणाऱ्या चक्तीचा स्क्रू ढिला झाला होता. पुढे तो बदलल्याची नोंद तारखेसह आहे. त्या गटातील मेंदू जास्त तिरके होते, एवढाच तो फरक.

नोंदवहीतील दुसरी ओळ

तिरकेपणाची नोंद शोधताना त्याच वहीत आणखी एक ओळ दिसली आणि हे प्रकरण खऱ्या अर्थाने तेथे सुरू झाले.

१२ मेंदूंचे रंजन, म्हणजे छेद प्रतिपिंडाने रंगवण्याचे काम, चार-चारच्या तीन तुकड्यांत झाले होते. उंदीर जसे वयात आले तसे घेतले गेले, त्यामुळे पहिल्या तुकडीत चारही मेंदू आईजवळ वाढलेल्या गटाचे, दुसऱ्यात दोन-दोन आणि तिसऱ्यात चारही दूर ठेवलेल्या गटाचे होते. ठरलेल्या कृतीनुसार छेद प्राथमिक प्रतिपिंडात चार अंशांवर ४८ तास ठेवायचे होते. तिसऱ्या तुकडीसमोर काकांच्या सुबक अक्षरात लिहिले होते: “२४ तास. उद्या विसर्जन, संस्था बंद, रस्ते बंद.”

अनंत चतुर्दशीच्या दिवशी संस्थेत पोहोचणे अवघड होते आणि छेद प्रतिपिंडात तीन-चार दिवस पडून राहण्यापेक्षा एक दिवस आधी काढलेले बरे, असा विचार त्यांनी केला. तो अविचार नव्हता. तसे करण्याआधी त्यांनी एका विद्यार्थ्याला विचारलेही होते. पण प्रतिपिंडाचे रेणू मोठे असतात आणि ४० मायक्रोमीटर जाडीच्या छेदात आतपर्यंत शिरायला त्यांना वेळ लागतो. निम्म्या वेळात पृष्ठभागाजवळच्या पेशी नीट रंगतात आणि आतल्या फिकट राहतात.

त्यावर स्कॅनिंगची भर पडली. तिसऱ्या तुकडीचे छेद पडद्यावर मंद दिसले म्हणून स्कॅन करणाऱ्या विद्यार्थ्याने एक्सपोजर ८० वरून १२० मिलिसेकंदांवर नेले. हे आकडे प्रतिमांच्या फाइलींतच नोंदलेले होते, कोणी उघडून पाहिले नव्हते इतकेच. एक्सपोजर वाढवल्याने पेशी उजळल्या, तशी पार्श्वभूमीही उजळली. दोघांमधले नाते तेच राहिले, पण डोळ्यांना आता तिन्ही तुकड्या सारख्या वाटू लागल्या. मला जो दोष एका नजरेत दिसायला हवा होता, तो झाकला गेला. मी इलास्टिकला शिकवण्यासाठी निवडलेले छेद सगळेच्या सगळे पहिल्या तुकडीतले होते, कारण ते आधी तयार होते. ही चूक माझी. पहिल्या तुकडीच्या ठळक पेशींवर शिकलेल्या प्रणालीने तिसऱ्या तुकडीच्या फिकट पेशी पार्श्वभूमीत ढकलल्या.

आता कपाळामागच्या बाह्यकातील घट वेगळी दिसू लागली. या भागातील पार्व्हअल्ब्युमिनच्या पेशी स्पर्शाच्या बाह्यकातल्यांपेक्षा मुळातच फिकट रंगतात. रंजन कमी पडले की सगळ्यांत आधी त्याच उंबरठ्याखाली जाणार. आम्ही प्रत्येक भागातील पेशींचा सरासरी उजळपणा आणि त्या भागात दिसलेली घट शेजारी मांडली, तेव्हा फिकट भागात घट मोठी आणि ठळक भागात नगण्य, असा उतार स्पष्ट दिसला. आईपासूनची ताटातूट इतक्या शिस्तीत काम करत नाही.

जाळीदार केंद्रकातील निकाल अनपेक्षित होता म्हणून आम्ही तो उकलून पाहिला. बाह्यकातील निकाल अपेक्षेप्रमाणे होता, म्हणून त्याला कोणी हात लावला नव्हता. डाव्या-उजव्याचा प्रश्न निघाला नसता तर तो छापून गेला असता, असे मला आजही वाटते.

पर्यायांचा विचार

प्राध्यापिकांच्या खोलीत यावर दोन लांबलचक बैठका झाल्या. सर्वांत स्वस्त पर्याय असा होता की संख्याशास्त्रीय प्रारूपात रंजनाची तुकडी हा एक घटक म्हणून घालावा आणि तिचा परिणाम वजा करावा. पण पहिली तुकडी पूर्ण एका गटाची आणि तिसरी पूर्ण दुसऱ्या गटाची असताना तुकडी आणि गट वेगळे करण्याचा सगळा भार दुसऱ्या तुकडीतील चार मेंदूंवर, म्हणजे दोन विरुद्ध दोनवर पडत होता. गणित उत्तर देते. ते उत्तर कशावर उभे आहे हे सांगत नाही.

दुसरा पर्याय माझा होता आणि मी तो बराच वेळ लावून धरला. सर्व प्रतिमांचा उजळपणा एका मापावर आणायचा, त्यासाठी एखादा भाग स्थिर धरायचा. विद्यार्थिनीने विचारले की कोणता भाग स्थिर धरणार, कारण कोणता भाग बदलला आहे हेच तर आपण शोधतो आहोत. त्यापुढची अडचण अधिक मूलभूत होती. ज्या पेशीपर्यंत प्रतिपिंड पोहोचलेच नाही, तिचा उजळपणा कितीही वाढवला तरी पार्श्वभूमीच उजळणार. मी माघार घेतली.

संपूर्ण मेंदू पारदर्शक करून, न कापता, प्रकाशाच्या पातळ पडद्याने त्याचे चित्रण करण्याच्या पद्धतीही चर्चेत आल्या. क्लॅरिटी २०१३ मध्ये आणि आयडिस्को २०१४ मध्ये आली आणि तिरकेपणाचा प्रश्न त्यांत उद्भवत नाही. पण आमचे मेंदू आधीच कापलेले होते, तसे यंत्र संस्थेत नव्हते, आणि अख्ख्या मेंदूत प्रतिपिंड सारखे मुरवणे हे ४० मायक्रोमीटरच्या छेदात मुरवण्याहून कठीण काम आहे. हा पर्याय पाच मिनिटांत संपला.

उरला तो सर्वांत वेळखाऊ मार्ग: फ्रीझरमधील दुसरी मालिका काढून १२ही मेंदू नव्याने रंगवणे. प्राध्यापिकांची हरकत पैशांना नव्हती. दीड वर्ष गोठणरोधकात राहिलेल्या छेदांतील प्रथिन तसेच असेल का, ही त्यांची शंका होती, आणि ती योग्य होती. काका म्हणाले, “मॅडम, एक छेद रंगवून बघू. खराब असेल तर कळेलच.” या १२ व्यतिरिक्त राखीव ठेवलेल्या एका मेंदूचा तितकाच जुना एक छेद रंगवला, तो चांगला निघाला, आणि निर्णय झाला. परिषदेतील सारांश प्राध्यापिकांनी मागे घेतला. हा निर्णय त्यांनी आमच्याशी चर्चा न करता, त्याच संध्याकाळी घेतला.

केलेली कार्यवाही

आधी फुकटात होणारे काम केले. जुन्या प्रतिमा तशाच ठेवून फक्त अ‍ॅटलसशी जुळवणी नव्याने केली. या वेळी ‘डीपस्लाइस’ या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रणालीकडून प्रत्येक छेदाची जागा आणि कल यांचा पहिला अंदाज घेतला, मग ऑस्लो विद्यापीठात तयार झालेल्या ‘क्विक-एनआयआय’मध्ये तो हाताने सुधारला. या साधनात अ‍ॅटलस कोणत्याही कोनात कापता येतो, त्यामुळे तिरक्या छेदाला तिरकीच चकती मिळते. आम्ही दोन अटी घातल्या. एकाच ठोकळ्यातून कापलेल्या सर्व छेदांचा कल एकच असला पाहिजे, आणि शेजारच्या दोन छेदांमधले अंतर १६० मायक्रोमीटरच्या जवळपास राहिले पाहिजे. एका मेंदूत ही अट मध्येच मोडत होती. वही पाहिली तर तेथे “ठोकळा सुटला, पुन्हा बसवला” अशी नोंद होती. त्या मेंदूचे दोन तुकडे मानून दोन कल ठरवले. छेद कापताना किंवा काचेवर चढवताना झालेले स्थानिक सुरकुतणे ‘व्हिज्युअलाइन’मध्ये दुरुस्त केले. तीन मेंदूंची जुळवणी दोघांनी एकमेकांचे न पाहता केली आणि जेथे मतभेद झाला ते छेद तिसऱ्याने पाहिले.

मग रंजन. प्रत्येक तुकडीत दोन्ही गटांचे दोन-दोन मेंदू, आणि शिवाय त्या राखीव मेंदूचे दोन छेद, जेणेकरून तिन्ही तुकड्यांचे रंजन एकाच वस्तूवर तपासता येईल. प्रतिपिंडाची एकच कुपी, आधीच तीन भागांत वाटलेली. प्राथमिक प्रतिपिंडाशिवाय रंगवलेला एक छेद प्रत्येक तुकडीत. कुप्यांवर गटाचे नाव नाही, फक्त कोडक्रमांक; यादी शेजारच्या प्रयोगशाळेतील एका व्यक्तीकडे बंद लिफाफ्यात. कॅलेंडर समोर ठेवून तारखा ठरवल्या. स्कॅनिंगसाठी सर्वांत उजळ छेद आधी पाहून, तो पांढरा फटक होणार नाही असे एक्सपोजर निवडले आणि ते शेवटपर्यंत बदलले नाही.

या फेरीत एक रंग वाढवला, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत चांगला निर्णय तोच. पार्व्हअल्ब्युमिनची पेशी कमी ‘दिसली’ तर दोन शक्यता असतात: पेशीच नाहीशी झाली, किंवा पेशी आहे पण तिच्यातील प्रथिन उतरले आहे. फक्त त्या प्रथिनाचाच रंग असेल तर या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. बाह्यकात या पेशींपैकी अनेकांभोवती शर्करायुक्त रेणूंचे एक जाळे असते, आणि व्हिस्टेरिया वेलीच्या बियांतून मिळणारे लेक्टिन, म्हणजे शर्करेला चिकटणारे प्रथिन, त्या जाळ्याला चिकटते. म्हणून जाळ्यांसाठी हा आणखी एक रंग घेतला. तो निर्दोष साक्षीदार नाही. प्रत्येक पेशीला जाळे नसते आणि ताणाने जाळीही बदलू शकतात. तरी दोन साक्षी एकीपेक्षा बऱ्या.

इलास्टिकला या वेळी तिन्ही तुकड्यांतील छेद दाखवून शिकवले, आणि तिची मोजणी तपासण्यासाठी वेगवेगळ्या भागांतील लहान चौकोन दोघांनी हाताने मोजले. विद्यार्थिनीने मोजलेल्या एका चौकोनाची प्रत माझ्याकडे आहे: १९ पेशींवर बारीक हिरवे ठिपके, तीन ठिकाणी प्रश्नचिन्ह. प्रणालीने तेथे २१ मोजल्या होत्या. प्रश्नचिन्हांवर प्रणालीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांवर आमच्या दोघांतही एकमत नव्हते.

छेदाच्या कडेवर अर्धी कापलेली पेशी दोन्ही छेदांत मोजली जाण्याचा धोका असतो. त्यासाठी १९४६ पासून वापरात असलेली अ‍ॅबरक्रॉम्बी यांची दुरुस्ती आहे: छेदाची जाडी भागिले छेदाची जाडी अधिक पेशीची उंची. ४० मायक्रोमीटरचा छेद आणि १४ मायक्रोमीटरची पेशी धरली तर हा गुणक ०.७४ येतो, म्हणजे मोजलेल्या संख्येतील चौथ्या हिश्शाहून अधिक भाग उडतो. पण काचेवर वाळताना छेद आकसतात आणि खरी जाडी ४० राहत नाही. म्हणून आम्ही ‘अमुक घन मिलिमीटरमध्ये इतक्या पेशी’ असे आकडे देण्याचा मोह टाळला आणि दोन गटांची तुलना एवढाच दावा ठेवला.

निष्पत्ती

जाळीदार केंद्रकातील घट नुसत्या नव्या जुळवणीने नाहीशी झाली. एकही छेद पुन्हा रंगवण्याआधी, जुन्याच प्रतिमांवर, डावी आणि उजवी बाजू एका रेषेत आल्या.

बाह्यकाचा निकाल इतका स्वच्छ नाही. नव्या मालिकेत पेशींच्या संख्येतील फरक जवळपास मिटला आणि जाळ्यांच्या संख्येत गटांमध्ये फरक दिसला नाही, म्हणजे पेशी नाहीशा झाल्याचा पुरावा उरला नाही. प्रत्येक पेशीचा उजळपणा मांडल्यावर मात्र दूर ठेवलेल्या गटातील कपाळामागच्या बाह्यकाच्या पेशी किंचित मंद असाव्यात असा कल दिसत होता. काही महिन्यांपूर्वी याच कलावर आम्ही एक परिच्छेद लिहिला असता.

तो लिहिला नाही, याचे कारण संख्याशास्त्राच्या एका सहकाऱ्याने विचारलेला प्रश्न. प्रत्येक गटातील ही सहा पिल्ले किती वेतांची? उत्तर होते तीन. आईपासून दूर ठेवण्याची क्रिया एकेका पिल्लावर होत नाही, अख्ख्या वेतावर होते. एका वेताच्या दोन पिल्लांचे मेंदू एकमेकांसारखे असणारच. म्हणजे आमची तुलना सहा विरुद्ध सहाची नव्हती, तीन विरुद्ध तीनची होती, आणि त्या मंदपणाचा बराचसा भाग एकाच वेतातून येत होता. हा दोष जुळवणीने, रंजनाने किंवा कोणत्याही प्रणालीने दुरुस्त होणारा नव्हता. तो पहिला उंदीर घेण्याआधीच कामात शिरलेला होता.

प्रबंधातील त्या प्रकरणाचे नाव बदलले. आता ते पद्धतीचे प्रकरण आहे आणि आईजवळ वाढलेल्या गटाचा नकाशा त्यात निव्वळ संदर्भ म्हणून दिला आहे. विद्यार्थिनीला हे जड गेले. परीक्षकांनी त्याच प्रकरणावर सर्वाधिक प्रश्न विचारले.

काय वेगळे करता आले असते

रंजनाच्या तुकड्या पहिल्याच दिवसापासून दोन्ही गटांत समान वाटायला हव्या होत्या, हे उघड आहे आणि ते सर्वांना माहीतही होते. अडचण अशी की उंदीर वेगवेगळ्या वेळी वयात येतात आणि हातात आलेले काम पुढे ढकलायला कोणी तयार नसते. पण स्थिर केलेले मेंदू थांबू शकतात. शेवटचा उंदीर घेईपर्यंत कापायचे नाही, एवढा एक नियम पुरेसा होता.

डाव्या-उजव्याची तपासणी पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती, आणि हे माझे काम होते. दोन्ही बाजू मिसळून सरासरी काढल्याने नकाशा देखणा होतो; त्याच सरासरीने मेंदूने आपल्याला फुकट दिलेली चाचणी मी फेकून दिली.

काकांच्या २४ तासांबद्दल मात्र माझे मत प्राध्यापिकांपेक्षा वेगळे आहे. त्यांच्या मते काकांनी फोन करायला हवा होता. मला वाटते, त्यांनी लिहून ठेवले हेच मोठे. त्याच तीन महिन्यांत विद्यार्थ्यांच्या वह्यांत रंजनाच्या कालावधीची एकही नोंद नाही. तेथे फक्त “ठरलेल्या कृतीप्रमाणे” असे आहे. एक्सपोजर बदलल्याची नोंद तर कोणत्याच वहीत नव्हती, ती यंत्राने स्वतःहून ठेवली म्हणून सापडली.

सहा आठवड्यांचे दुसरे रंजन टाळता आले असते का, याचे उत्तर मला अजून पक्के देता येत नाही. वेतांचा प्रश्न आधी विचारला असता तर कदाचित आम्ही ते केलेच नसते आणि सरळ नव्या उंदरांची योजना आखली असती. दुसरीकडे, पेशी शिल्लक आहेत हे त्या रंजनामुळेच कळले, आणि नव्या योजनेत काय मोजायचे ते त्यावरून ठरले.

नवी योजना संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीकडे गेली आहे. तीत प्रत्येक वेतातून एकच पिल्लू घ्यायचे आहे. रंजनाच्या नव्या तक्त्यात ‘प्रत्यक्ष तास’ असा एक स्तंभ आहे आणि काकांच्या सांगण्यावरून त्याच्या शेजारी ‘पुढील सुट्टी’ असा दुसरा. जुन्या १२ मेंदूंच्या उरलेल्या दोन मालिका अजून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये, सर्वांत खालच्या कप्प्यात आहेत.